शिकवायला यायचंय, पण धाकधूक वाटते: कोकणातल्या कॉलेजच्या मुलामुलींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनारपट्टीच्या वाड्यांमध्ये संध्याकाळी मुलांचा अभ्यास घ्यायला कुणीतरी हवं असतं. कॉलेजात जाणाऱ्या बऱ्याच मुलामुलींना ते करावंसंही वाटतं. घोडं अडतं ते ‘मला जमेल का’ यापाशी. दर वर्षी नवीन येणारी मुलं तेच तेच विचारतात, कधी दबक्या आवाजात, कधी रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर पहिल्या दिवसाचं आणि वाचनाचं उत्तर तेवढं वाचून या.

मला दहावीला गणितात कसेबसे पन्नास पडले होते. मी कुणाला काय शिकवणार?

तिसरी-चौथीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी समजावायला पन्नास गुण पुरून उरतात. उलट ज्याला गणित कधीच अडलं नाही, त्याला ते कुठे अडतं हे चटकन दिसत नाही. ‘अरे, सोपं तर आहे!’ हे वाक्य बहुतेक वेळा हुशार मुलांच्याच तोंडून निघतं, आणि ते ऐकलं की समोरचं पोर मिटून जातं.

शिक्षक नसलेल्या माणसाने शिकवून खरंच काही होतं का, याची तपासणीही झाली आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात ‘प्रथम’ संस्थेने गावातल्याच तरुणांना थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण देऊन वाचनाचे वर्ग घ्यायला लावले. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाने त्याचं मोजमाप केलं. या दोघांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जी मुलं वर्गाला आली त्यांचं वाचन स्पष्ट सुधारलं. पण आली ती शंभरातली आठेकच. तेव्हा गुणपत्रिकेची काळजी सोडा. मुलं येतील आणि टिकतील हे बघणं, हेच यातलं कठीण काम.

चार माणसांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. वर्गात कधी हात वर केला नाही. तरी येऊ?

या. फळ्यापुढे उभं राहून तीस जणांना शिकवणं हे गुरुजींचं काम. तुम्ही पडवीत किंवा समाजमंदिराच्या पायरीवर दोन-तीन मुलांना घेऊन बसणार. बसताना समोर बसू नका, शेजारी बसा. समोर बसलं की मूल तुमच्या तोंडाकडे बघतं आणि तुम्ही त्याच्या, दोघंही अवघडता. शेजारी बसलं की दोघांची नजर पुस्तकावर जाते आणि कुणीच कुणाला निरखत नाही. बुजऱ्या माणसासाठी याहून मोठा उपाय मला माहीत नाही.

पहिली दहा मिनिटं काय बोलायचं ते घरून कागदावर लिहून आणा, अगदी शब्दन् शब्द. ‘नाव काय, कितवीत’ याने गप्पा सुरू होत नाहीत. ते पाहुण्यांचे प्रश्न आहेत आणि मुलं त्यांना पाहुण्यांसारखीच उत्तरं देतात. त्यापेक्षा तुम्हाला खरोखर न येणारं काहीतरी विचारा. फाटलेलं जाळं कसं विणतात, कुर्ली नांगी न लागू देता कशी धरतात. कालपर्यंत आवाज न काढणारा मुलगा उठून हातवारे करत सांगायला लागतो. त्या दहा मिनिटांत शिक्षक तो असतो आणि तुमची धडधड आपोआप खाली बसते.

बुजऱ्या शिकवणाऱ्यांत एक दोष मात्र हमखास असतो. त्यांना शांतता सोसत नाही. मूल शब्दावर अडलं, दोन क्षण गेले, की त्यांनाच ओशाळल्यासारखं होतं आणि ती उत्तर सांगून मोकळी होतात. मुलांना हे तिसऱ्या दिवशी कळतं: गप्प राहिलं की ताई सांगते. मग ती गप्पच राहतात. म्हणून मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. पाचावर येईपर्यंत फार वेळ गेलासा वाटेल, पण सात-आठाच्या सुमाराला बरीच मुलं ओठ हलवायला लागतात.

लाजाळू माणसाने शिकवल्याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे स्वतःच्या बुजरेपणाबद्दल मोकळेपणाने लिहून गेले आहेत. परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला पायी गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. तोच मुलगा पुढे १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होता, आणि १९३६ मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ उभारत होता.

कोकण बोर्डाचा निकाल राज्यात पहिला. मग इथे शिकवायची गरज कुणाला?

दहावीचा निकाल २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२ टक्के. अभिमान वाटावा असेच आकडे. पण तो दहावीच्या बाकापर्यंत पोचलेल्यांचा हिशोब आहे. चौथीत पुस्तक समोर धरून, शेजारच्याचा आवाज ऐकत अर्धा क्षण मागे ओठ हलवणारं मूल त्यात दिसत नाही. नेपाळहून आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या जोडप्याची मुलं, चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेल्यांची मुलं, भट्टीच्या कामाला कुटुंबासकट हलणाऱ्या कातकऱ्यांची मुलं शाळेत कधी असतात, कधी नसतात. शिवाय छोट्या वाडीच्या शाळेत दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता हे नेहमीचंच. बाई पहिलीला गिरवायला देऊन चौथीकडे वळतात, तोवर तिसरीतलं पोर खिडकीतून माकडं मोजत असतं. त्यात बाईंचा काय दोष?

सुरुवात कुठे करायची? कुणाला भेटायचं?

कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना असेल तर आधी कार्यक्रम अधिकारी सरांना सांगा. कॉलेजचं पत्र हातात असलं की गावात निम्मे प्रश्न मिटतात. मग गावच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटा, शाळा सुटायच्या सुमाराला, म्हणजे त्यांनाही बोलायला सवड असते. ‘मुलांना शिकवायला आलोय’ असं म्हणू नका, ते कुठल्याही शिक्षकाला टोचतं. ‘वाचनात मागे असलेल्या दोन-तीन मुलांजवळ आठवड्यातून दोनदा बसू शकेन, कुणाला गरज आहे?’ असं विचारा. बाईंना नावं तोंडपाठ असतात. शाळा व्यवस्थापन समितीत बहुतेक पालकच असतात, त्यांच्याही कानावर घाला.

जागा निवडताना एक गोष्ट बघा. देवळाचा सभामंडप ऐसपैस असतो, पंखा असतो, गावकरी आनंदाने देतात. पण मोहल्ल्यातली मुलं तिथे येतील का? बौद्धवाडीतली येतील का, आणि आली तर निवांत बसतील का? कुणी तोंडाने ‘नको’ म्हणत नाही. ती मुलं नुसती येत नाहीत, आणि आपण म्हणत राहतो की त्यांना आवड नाही. शाळेची पडवी मिळाली तर तीच घ्या. ती सगळ्यांची असते.

पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं?

शिकवायचं नाही. कोण कुठे अडलंय एवढंच बघायचं.

त्यासाठी घरून एक कागद तयार करून न्या. मोठ्या, ठसठशीत अक्षरात चार गोष्टी लिहा: दहा सुटी अक्षरं, दहा साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची सात-आठ ओळींची गोष्ट. ‘प्रथम’चीच ‘असर’ ही पाहणी २००५ पासून देशभरच्या खेड्यांत मुलांचं वाचन अशाच पायऱ्यांनी तपासत आली आहे. सुरुवात अक्षरांपासून करायची नाही, परिच्छेदापासून करायची. तो वाचता आला तर गोष्ट द्या. नाही आला तर शब्दांवर या, तेही अडले तर अक्षरांवर. मुलामागे पाच मिनिटं पुरतात.

हे एकेकाला बाजूला घेऊन करा, बाकीच्यांना चित्र काढायला द्या. चौघांदेखत अडखळायला लावलं तर ते मूल दुसऱ्या दिवशी येत नाही. ‘चूक’, ‘बरोबर’ काही बोलू नका, ‘हं, पुढे’ एवढंच. परिच्छेद एकेक शब्द तोडत वाचला तरी कागदावर ‘वाचता येतं’ असं लिहू नका. सलग, अर्थाच्या अंगाने वाचलं तरच तसं लिहा. शेवटी ज्याला त्याला झेपेल असं काहीतरी एक वाचायला देऊन मगच सोडा, म्हणजे घरी जाताना मान वर असते.

इयत्ता विसरून जा. चौथीतला अक्षरांवर असेल आणि त्याची दुसरीतली बहीण गोष्ट वाचत असेल. असं फार वेळा दिसतं. फक्त दोघांना एका गटात बसवू नका, भाऊ पुस्तक मिटून टाकेल.

मुलगा चौथीत आहे, बाराखडी घडाघडा म्हणतो, पण वाचता येत नाही. कसं?

कारण तो बाराखडी म्हणतो, वाचत नाही. ‘क, का, कि, की’ ही त्याला आरतीसारखी पाठ आहे. तक्त्यावर मधेच ‘मू’वर बोट ठेवा. तो ‘म’पासून सुरू करून मनात चढत चढत तिथे पोचेल किंवा थेट गप्प होईल. तेव्हा तक्ता रोज वापरा, पण उलटसुलट: आडवा, उभा, खालून वर. ‘तुझ्या नावातली अक्षरं शोध’ हा खेळ पहिल्या आठवड्यात भरपूर चालतो. मग आवशीचं नाव, होडीचं नाव, गावाचं नाव. होडीचं नाव तर मुलं लगेच शोधतात, रोज बघतात ना.

दुसरा अडसर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा. भ आणि म, घ आणि ध, ब आणि व, आणि ‘ख’ला ‘रव’ वाचणं. यांच्या जोड्या एकत्र शिकवू नका. एक पक्कं होऊ द्या, मग चार दिवसांनी दुसरं. तिसरा, आणि सगळ्यात मोठा, जोडाक्षरांचा. ‘सूर्य’, ‘ट्रक’, ‘चक्र’, ‘पुस्तक’: या चार शब्दांतच ‘र’ तीन वेगवेगळ्या रूपांत येतो आणि ‘स’ अर्धा होतो. पुस्तकातला धडा सुरू करण्याआधी त्यातली जोडाक्षरं वेगळी काढून पाटीवर लिहा, दोन मिनिटं त्यांच्याशी खेळा, मग धड्याकडे जा. धड्याच्या मध्यावर येणारा गचका निम्मा कमी होतो.

आणि रोज, न चुकता, तुम्ही स्वतः एक छोटी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा, ओळीखाली बोट फिरवत. बुजऱ्या मुलामुलींना हे आधी नको वाटतं. पण यात तुम्हाला काही सुचवावं लागत नाही, शब्द समोर छापलेले असतात. आवाज मोकळा करायला याहून सोपं काही नाही. पुढच्या खेपेला तीच गोष्ट मुलं तुमच्याबरोबर म्हणतील. त्यानंतर कधीतरी तुम्ही मधेच थांबा. ती थांबत नाहीत.

गणितात कुठून सुरुवात करू?

वहीतली चूक नीट बघण्यापासून. कोळीवाड्यातल्या पाचवीतल्या एका मुलीच्या वहीत ५२ वजा ३७ याचं उत्तर २५ होतं. ही निष्काळजीपणाची चूक नव्हे, त्यात पद्धत आहे: दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवले, पाच, पाचातून तीन, दोन. आता हीच मुलगी आठवडी बाजारात आईशेजारी सुकट विकायला बसते. तिला विचारलं, सदतीस रुपये झाले, गिऱ्हाइकाने पन्नासची नोट आणि वर दोनचं नाणं दिलं, परत किती? ‘पंधरा’, पेन्सिल उचलायच्या आत. वहीतलं गणित आणि बाजारातलं गणित एकच आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दलही असंच आढळलं. तो अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला आहे. तोंडी हिशोबात तरबेज मुलं तसंच गणित कागदावर आलं की अडतात, आणि फक्त शाळेत जाणारी मुलं बाजारातल्या हिशोबाला अडतात.

दोन्हींना जोडायला माडाच्या हिरांचे बोटभर तुकडे करून आणा. खराट्यातले चालतील. दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधा. बावन्न म्हणजे पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या. यातून सात सुट्या दे म्हणा. नाहीत! मग ती स्वतःच एक जुडी सोडते, सुट्या बारा होतात, सात देते, पाच उरतात. चार जुड्यांतून तीन दिल्या, एक उरली. आता हेच वहीत मांडा: पाचावर काट, वर चार, दोनाच्या जागी बारा. हातचा तिने आधी हाताने सोडलेला असतो, म्हणून काट का मारली हे समजवावं लागत नाही. पण घाई करू नका. काड्यांवरून वहीवर यायला कुणाला एक दिवस लागतो, कुणाला दोन आठवडे.

लहान मुलं सत्तावीस ऐकून ७२ लिहितात तेव्हा रागावू नका. आपण बोलताना सात आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, गोंधळ होणारच. एकोणतीस, एकोणचाळीस तर आणखी वाकडे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आणलं तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता. वाद काहीही असो, अडखळणाऱ्या मुलाला ‘वीस आणि सात’ असं एकदा म्हणायला लावून मग ‘सत्तावीस’ म्हणायला लावलं तर त्याचं नुकसान होत नाही.

मुलं मालवणीत बोलतात, पुस्तक वेगळ्याच मराठीत. त्यांची भाषा सुधारायची का?

नाही. ‘माका येना नाय’ म्हणणाऱ्या मुलाला ‘मला येत नाही असं म्हण’ म्हटलंत तर तो पुढच्या वेळी दोन्हीही म्हणत नाही. त्याने मालवणीत सांगू दे, संगमेश्वरीत सांगू दे, आगरीत सांगू दे. धड्याचा अर्थ त्याला कळला की नाही हे तुम्हाला त्याच बोलीतून समजेल. लिहिताना पुस्तकी मराठी हळूहळू येते, वाचन वाढलं की आपसूक येते. तुम्ही घाटावरून शिकायला आला असाल आणि तुम्हाला बोली कळत नसेल तर खुशाल मुलांकडून शिका, ती फार कडक मास्तर असतात. नेपाळी किंवा कानडी घरातल्या मुलाला मराठी ही दुसरी भाषा आहे. त्याला आधी भरपूर बोलू द्या, चित्रांवर बोलू द्या, अक्षरं नंतर.

मुलं दंगा करतात, माझा आवाज चढतच नाही. काय करू?

आवाज चढवायची गरज पडते ती बहुतेक वेळा मुलं रिकामी बसल्यामुळे. तुम्ही एकाबरोबर वाचत असताना बाकीच्या दोघांच्या हाताला काय काम आहे? ते आधी ठरवा. एक जण फारच अंगात आल्यासारखा करत असेल तर त्याला हजेरी घ्यायला, खडू वाटायला, काड्या मोजायला लावा. तरी ऐकलं नाही तर त्या दिवशी अर्धा तास आधी वर्ग सोडा. शिक्षा म्हणून नव्हे. सगळेच दमलेले असतात, तुम्हीसुद्धा.

मुलाने विचारलं आणि मलाच आलं नाही तर?

‘मला माहीत नाही, बघून सांगते’ म्हणा आणि पुढच्या वेळी न विसरता सांगा.

किती वेळ द्यावा लागेल? माझीही परीक्षा असते.

आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास. रोज येईन असं कबूल करून तिसऱ्या आठवड्यात गायब होण्यापेक्षा मंगळवार-शुक्रवार म्हणा आणि मंगळवार-शुक्रवार या. येणार नसाल तर आदल्या दिवशी निरोप द्या. सांगितल्या वारी येणारा मितभाषी दादा मुलांना चालतो; मन मानेल तेव्हा येऊन धमाल उडवणारा त्यांना आवडतो, पण त्याच्या भरवशावर ती खेळ सोडून येत नाहीत.

कोकणात वेळापत्रक कॅलेंडरवर नाही, पावसावर आणि सणांवर ठरतं. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते आणि तिच्या मागोमाग लावणी येते; पऱ्याला पाणी आलं की पलीकडच्या वाडीतली मुलं शाळेतच पोचत नाहीत, तुमच्या वर्गाला कुठून येणार? कोळीवाड्यात उलटं आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, तेव्हा मुलं घरी सापडतात. होड्या पुन्हा सुटल्या की हर्णैसारख्या बंदरावर संध्याकाळच्या लिलावाच्या वेळी अर्धी वाडी किनाऱ्यावर असते, त्या वेळेला वर्ग ठेवू नका. गणपतीच्या आधी आठ दिवस आणि नंतर आठ दिवस कुणालाही बोलावू नका, मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, घर भरलेलं असतं. शिमग्याला पालखी घरोघर फिरते, तेव्हाही तेच. मे महिना आंबा-काजूचा.

मग उरतं काय? दिवाळीची सुट्टी संपल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा सलग पट्टा. तुमच्या सत्रपरीक्षाही बहुतेक त्याच्या अलीकडे-पलीकडे असतात. नवख्याने तिथूनच सुरू करावं असं माझं स्पष्ट मत आहे. जूनच्या उत्साहात सुरू झालेले वर्ग गणपतीत मोडतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत.

एसटीचं आधी बघा. परतीची शेवटची गाडी किती वाजता, आणि ती चुकली तर काय, हे ठरल्याशिवाय वर्गाची वेळ ठरवू नका. वस्तीची गाडी गावात मुक्कामाला येते, ती परत जात नाही; तिच्या भरवशावर राहून फसलेले दर वर्षी एक-दोन असतात.

पैसे मिळतात का? निदान प्रमाणपत्र?

पैसे नाहीत, आणि पालकांनी दिले तरी घेऊ नका. मासळीची पिशवी, फणसाचे गरे, नारळ हे मात्र नाकारता येणार नाही. नाकारलंत तर आई दुखावते. घ्या आणि मुलांत वाटून खा.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिच्यात वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं विशेष शिबिर असतं. तुमचे शिकवण्याचे तास त्यात धरले जातील का, हे सुरू करण्याआधी कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून पक्कं करून घ्या आणि तारीखवार वही ठेवा. सत्र संपल्यावर तास मागायला गेलात तर कुणी देत नाही.

जाता जाता: मुलाला सोडायला आलेली आई किंवा आजी कधीकधी कोपऱ्यात बसून ऐकत असते. तिलाही सही करायला शिकायचं असेल तर लाजत लाजत विचारेल. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी केंद्राचा ‘उल्लास’ कार्यक्रम २०२२ पासून सुरू आहे, तो स्वयंसेवकांवरच चालतो. शाळेत त्याबद्दल विचारा.

मी मुलगी आहे. संध्याकाळी दुसऱ्या गावात जायला घरचे नाही म्हणतात.

घरच्यांचं चूक नाही. जोडीने जा, दोघी किंवा तिघी. थंडीत सहाच्या सुमाराला अंधारतं, म्हणून वर्ग साडेचारला सुरू करून पावणेसहाला संपवा. घरोघर जाऊन शिकवायला ठाम नकार द्या, वर्ग शाळेत किंवा सगळ्यांना दिसेल अशा जागीच. एकदा आईला किंवा बाबांना बरोबर घेऊन जा आणि शाळेच्या बाईंशी त्यांची गाठ घालून द्या. यातून जेवढं साधतं तेवढं आठ दिवस वाद घालून साधत नाही.

कुठले नियम मोडायचेच नाहीत?

बंद खोलीत एका मुलाबरोबर एकटं बसायचं नाही. हात उगारायचा नाही, कान पिळायचा नाही, ‘मठ्ठ’ म्हणायचं नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे आणि तुमच्या पडवीतही तेच लागू समजा. मुलांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत. पहिल्या दिवशी सेल्फी काढून पाचव्या दिवशी न दिसणारे स्वयंसेवक गावाने बरेच बघितले आहेत. वर्ग सुटल्यावर मुलांना घेऊन समुद्रावर किंवा खाडीत उतरायचं नाही, ती कितीही पट्टीची पोहणारी असली तरी.

मुलाने घरातलं किंवा शेजारचं काही गंभीर सांगितलं, कुणी मारतं, कुणी नको तसा हात लावतं, तर शांतपणे ऐकून घ्या. खोदून खोदून विचारू नका, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक मोफत आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही न कळवणं हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा ‘गावातलं प्रकरण आहे, आपण कशाला पडा’ असं कुणी म्हटलं तरी गप्प बसू नका.

पालक म्हणतात, मराठी राहू दे, इंग्रजी शिकवा.

सगळीकडे म्हणतात. वाद घालू नका. शेवटची पंधरा मिनिटं इंग्रजीला द्या: वस्तूंची नावं, चार वाक्यं, एखादी कविता. बाकीचा वेळ मराठी वाचनाला. एक भाषा सलग वाचता येऊ लागलेलं मूल दुसरीकडे भराभर जातं, आणि आईला दोन महिन्यांनी मुलगा वर्तमानपत्राचा मथळा वाचून दाखवतो तेव्हा तिची तक्रार संपते.

ऑनलाइन शिकवलं तर? प्रवास वाचेल.

रेंज असेल त्या वाडीत मोबाइल बाबांबरोबर होडीवर गेलेला असतो. वाचायला शिकणाऱ्या मुलाशेजारी माणूसच लागतो.

दहावीचा मुलगा फेब्रुवारीत येऊन म्हणाला, ‘दादा, सगळं राहिलंय’. घेऊ का?

घ्या, पण सगळं शिकवायला जाऊ नका. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढा, त्याला जे थोडंफार येतं ते पक्कं करा, वेळ लावून लिहायला बसवा. एवढ्या उशिरा नवीन प्रकरण उघडलं की हातचंही निसटतं.

मध्येच सोडावं लागलं तर? मला पुढच्या वर्षी मुंबईला जायचंय.

जा. कोकणातल्या मुलांना माणसं मुंबईला जातात हे नवीन नाही. फक्त न सांगता जाऊ नका. पंधरा दिवस आधी मुलांना आणि बाईंना सांगा, कॉलेजातल्या खालच्या वर्षाच्या कुणाला तरी शेवटचे दोन-तीन वेळा बरोबर घेऊन या आणि त्याला मुलांशेजारी बसवून तुम्ही मागे सरका. त्याच्यासाठी वही ठेवा. कुठलं मूल कुठल्या पायरीवर आहे, ‘ख’ला ‘रव’ कोण वाचतं, कुणाला चारचौघांत वाचायला सांगायचं नाही, हिरांच्या काड्या कुठल्या डब्यात आहेत, परतीची गाडी किती वाजता येते आणि प्रत्यक्षात किती वाजता येते, आणि पडवीतल्या कपाटाची किल्ली कुणाच्या घरी असते.